ले-आउटभाऊ, खुली जागा कुठे आहे?

प्रति,
श्री. ले-आउटभाऊ,
मुक्काम बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, दिघोरी, वाठोडा, झिंगाबाई टाकळी, बोखारा आणि जिथे जिथे काळं वावर अजून शिल्लक आहे तिथे,
नागपूर.

ले-आउटभाऊ,

साष्टांग नमस्कार घालायचा तर अंग टाकण्यापुरती तरी मोकळी जमीन लागते. ती तुम्ही ठेवलेली नाही, म्हणून उभ्याउभ्याच लिहितो. 'भाऊ' म्हणतो, कारण नागपुरात ज्याच्या हाती चार प्लॉट असतात त्याला सगळेच भाऊ म्हणतात. तुमच्या हाती तर अख्खं शहर आहे.

आरोप सरळ सांगतो. या शहराला खाऊ घालणारी जमीन तुम्ही गिळली. शहराला लागून असलेली ज्वारी-तुरीची वावरं, संत्र्याचे बगीचे, नाल्याकाठच्या भाजीच्या वाड्या, सगळं. आता शहर शाश्वत कसं करायचं यावर परिसंवाद भरतात. तिथे तापमानवाढीवर बोललं जातं, कार्बनवर बोललं जातं, शेवटी श्रोत्यांना गच्चीवर मिरची-टमाटर लावण्याचा सल्ला मिळतो आणि चहा होतो. तुमचं नाव कोणी घेत नाही. म्हणून हे पत्र.

तुमची कामाची पद्धत आम्ही दोन पिढ्या जवळून पाहत आलो आहोत. आधी धुऱ्यावरची बाभूळ, बोर, आंबा उतरतो. मग जेसीबी धुराच मोडतो. ट्रकांनी मुरूम येतो आणि काळ्या मातीवर लाल रस्ते ओढले जातात. चुन्याच्या रेघा पडतात, नंबर रंगवलेले दगड गाडले जातात. तोंडाशी लोखंडी कमान, बाजूला मांडव, त्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि थंड पाण्याची कॅन. फलकावर 'एनएटीपी, आरएल', 'रिंग रोड टच', 'मिहानपासून इतकी मिनिटं', 'समृद्धीपासून तितकी मिनिटं'. पहिल्याच रविवारी गाड्या भरून माणसं येतात. मागच्या हंगामातली पऱ्हाटीची धसकटं अजून जमिनीत असतात, त्यांत चप्पल अडकवत लोक पूर्वमुखी प्लॉट कोणता ते विचारतात. तिथली विहीर नकाशात कुठल्या तरी प्लॉटच्या कोपऱ्यात आलेली असते. ती मलब्यानं बुजवून मिळेल, असं बुकिंगच्या टेबलावरच सांगितलं जातं.

विहीर बुजवणं ही सवलत म्हणून देता तुम्ही. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

या शहरात तुमचे दोन आकडे कोणालाही तोंडपाठ आहेत: ५७२ आणि १९००. आधी ५७२ ले-आउट नियमित झाले. मग गुंठेवारीचा २००१ चा कायदा आला आणि १९०० ले-आउट रांगेत उभे राहिले. म्हणजे आधी वावर मोडायचं, प्लॉट विकायचे, माणसं राहायला आणायची आणि मग सरकारला म्हणायचं, आता नियम तेवढा आमच्या मापाचा करा. १९३६ च्या कायद्यानं उभा राहिलेला सुधार प्रन्यास आणि महापालिका यांच्यात हे ले-आउट कोणी सांभाळायचे याची ढकलाढकल वर्षानुवर्षं चालली. तेवढ्यात तुम्ही पुढच्या गावच्या सातबाऱ्यावर पोचलेले होतात. रस्ता, गटार, पाण्याची लाइन हे सगळं तुमच्या मागून, दहा-वीस वर्षांनी, आमच्या कराच्या पैशातून आलं. माती मात्र परत आली नाही. ती येत नसते. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि तुमच्या मुरमाला एक दुपार पुरते.

ही माती कुठली आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? दख्खनच्या लाव्ह्याच्या थराची पूर्वेकडची कड नागपूरजवळ संपते. पश्चिमेला बेसॉल्टची काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. पूर्वेला जुना खडक आणि धानाचा मुलूख. दोन भूप्रदेशांच्या सांध्यावर वसलेलं हे शहर आहे, म्हणून इथल्या बाजारात कापूस, तूर, संत्री आणि तांदूळ एकत्र आले. गोंड राजा बख्त बुलंद शहानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा खेडी जोडून नागपूर वसवलं तेव्हा वावर शहराला लागूनच होतं. पुढे तर संत्र्याचीच गोष्ट आहे: रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपं आणून आपल्या परसबागेत लावली आणि तिथून तो वाण विदर्भभर गेला, असं सांगतात. म्हणजे ज्या फळाच्या नावावर हे शहर जगात ओळखलं जातं, ज्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मूळ शहरातल्या घरामागच्या बागेत आहे. शहरात अन्न पिकवणं हे परदेशातून आलेलं फॅड आहे असं तुमचे एजंट म्हणतात, त्यांना हे ऐकवा.

आणि मातीची विद्या म्हणाल, तर ती जेवढी नागपुरात आहे तेवढी देशातल्या फार थोड्या शहरांत असेल. अमरावती रोडनं सरळ जा. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो तिथेच आहे. देशातली कुठली जमीन कशासाठी वापरावी, याचा अभ्यास तिथे १९७६ पासून चालतो. त्याच साली कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था इथे आली. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था १९८५ ची. महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय १९०६ चं, आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या छायेखाली. पाणी आणि मैल्याचं शास्त्र शिकवणारी नीरी १९५८ पासून आहे. इतक्या संस्थांच्या दारावरून तुमचे मुरमाचे ट्रक रोज जातात. देशाला भूमी उपयोग सांगणाऱ्या ब्युरोचं स्वतःच्या गावातच कोणी ऐकलं नाही आणि शहराच्या कडेला काय पेरायचं हे बुकिंगच्या टेबलावर ठरलं.

उमरेड रोडकडच्या तुमच्याच एका ले-आउटवर मी जे पाहिलं ते सांगतो. नाव घेत नाही, तसे ले-आउट तुमच्याकडे पुष्कळ आहेत. निम्मे प्लॉट विकले गेलेले, घरं मोजकी. मधल्या मोकळ्या प्लॉटांवर चौकीदाराच्या बाईनं भाजी लावली होती. नंबरच्या दोन दगडांमध्ये पालक आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, पुढच्या प्लॉटवर वांगी, विजेच्या खांबाला बरबटीचा वेल चढवलेला, मुरमाच्या उरलेल्या ढिगावर कोहळ्याचा पसारा. विहीर अजून बुजवायची होती, तिच्यावर छोटी मोटर. मोटर चालू केली की पाणी मातीच्या पाटातून, नंबरच्या दगडांना वळसा घालत, वाफ्यांत जात होतं. पाटाच्या कडेला बसून ती खुरप्यानं तोंड उघडायची, वाफा भरला की चिखलाचा गोळा लावून बंद करायची आणि पुढच्याला पाणी द्यायची. हात इतका सवयीचा, की बोलताना तिची नजरही तिकडे जात नव्हती.

"हे आमचंच वावर होतं, दादा," ती म्हणाली. "सासऱ्यानं इकलं. आता राखण करतो."

पैसे दोन भावांत वाटले गेले, एक लग्न झालं, एक ट्रॅक्टर आला आणि गेला. जी जमीन घरची होती तिचीच राखण तिचा नवरा आता पगारावर करतो. संध्याकाळी ती सांबाराच्या जुड्या घेऊन कमानीशी बसते आणि नव्या घरांतल्या बायका तिच्याकडून घेतात, कारण बाजार लांब आहे आणि ही जुडी तासाभरापूर्वी उपटलेली असते. एखादा प्लॉट विकला गेला, मालकानं तार ओढली, की तिचा वाफा शेजारच्या प्लॉटवर सरकतो. पुन्हा कुदळ, पुन्हा शेणखत, पुन्हा दोन महिने. तो शेजारचाही विकला गेला की आणखी पुढे.

ले-आउटभाऊ, या बाईला पाहून मला जे वाटलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. पण एक नक्की कळलं. शहरात अन्न पिकवण्याची विद्या हरवलेली नाही. ती तुमच्या कमानीशी जुड्या घेऊन बसली आहे. तिला पाय रोवायला एक तुकडा हवा, जो उद्या विकला जाणार नाही.

आता त्या गच्चीबद्दल. गच्चीवरच्या बागेला माझा विरोध नाही; उलट ज्यांनी ती केली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून शिकवलं की पालापाचोळा, ऊन आणि थोडं पाणी यांच्यावर शहरातल्या माणसालाही आपली भाजी पिकवता येते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी या शतकाच्या सुरुवातीला स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली आणि ती पाहून अनेकांनी आपापल्या गच्च्या हिरव्या केल्या. पण मुंबईचं ऊन वेगळं आणि आमचं वेगळं. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तशा उन्हात उघड्या स्लॅबवरच्या कुंडीतल्या रोपाची मुळं दुपारपर्यंत उकडून निघतात. हिरवी जाळी, दोन वेळा पाणी, टाकीत पाणी चढवायला वीज, एवढं सगळं ज्याला परवडतं त्यानं जरूर करावं. झोपडपट्टीतल्या, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरातल्या माणसाला गच्चीच नसते. ज्यांच्या ताटात हिरवी भाजी सगळ्यात कमी पडते त्यांच्यासाठी गच्चीचा सल्ला बिनकामाचा आहे. त्यांना जमीन लागेल, झाडाची सावली लागेल, जवळ विहीर लागेल. या तिन्ही गोष्टी तुम्ही मोडल्या आणि आम्ही कुंड्यांची चर्चा करत बसलो. गच्चीचा सल्ला जितका जोरात दिला जातो तितके तुम्ही सुटता.

कोणी म्हणेल, शहरात किती पिकणार? गहू, तांदूळ, तूर बाहेरूनच यायची, हे मला मान्य आहे. शहर कधीच आपलं सगळं अन्न पिकवणार नाही. पण पालेभाजी, सांबार, चवळाई, आंबाडी, घोळ, चमकुऱ्याची पानं, शेवगा, कोवळं दोडकं यांचं तसं नाही. ही भाजी तोडल्यापासून तासातासाला उतरत जाते. तीच आज लांबचा प्रवास करून येते. उन्हाळ्यात कॉटन मार्केटमध्ये उभं राहून विचारा: सांबार छिंदवाड्याचा, टमाटर संगमनेरचे. रात्रभर ट्रकमध्ये उकडलेली जुडी सकाळी गोकुळपेठेत येते, दुपारी हातगाडीवर पाण्याचे हबके मारून उभी केली जाते आणि संध्याकाळी कचऱ्यात जाते. वाहतूक, अडत, नासाडी, सगळ्याचे पैसे त्या जुडीत असतात. वऱ्हाडी घरात सांबारवडी करायची तर आधी भाव विचारावा लागतो, अशी वेळ येते. हा खर्च तुमच्या दरपत्रकात कुठे दिसत नाही. तो आम्ही भाजीच्या पिशवीतून भरतो.

पाण्याचा हिशेबही तुमच्याकडे मागायचा आहे. आमच्या नळाला येतं ते पेंच धरणाचं. ते धरण शेतीसाठीही होतं. मध्य प्रदेशात वरच्या अंगाला चौराईचं धरण झालं, पेंचच्या तोतलाडोहात येणारं पाणी घटलं आणि २०१९ च्या उन्हाळ्यानंतर शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. शहराची तहान वाढली की पेंचच्या कालव्यावरच्या धानाचं पाणी तुटतं. हे पाणी आम्ही वापरतो, मळवतो आणि सोडून देतो. गटाराची लाइन न टाकता तुम्ही जे ले-आउट वसवलेत त्यांचा मैला नाल्यातून नाग, पिवळी आणि पोहरा नदीत गेला. खाली पारडी-भांडेवाडीच्या पुढे त्याच पाण्यावर शेतकरी मोटर लावून भाजी काढतात. त्यांना दोष देऊ नका, त्यांच्या शेताशेजारून वाहणारं दुसरं पाणी नाही. पण ते पाणी पालकावर पडावं असं नाही. त्यात जंतू आहेत, कारखान्यांचं काय काय आहे. भाजी खाणाऱ्यालाही धोका आणि दिवसभर त्यात पाय बुडवून उभ्या बाईलाही.

भांडेवाडीला मलजल शुद्ध करणारी केंद्रं आहेत. तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. पेंचचं तेवढं पाणी वाचतं, हे चांगलंच झालं. पण त्याच केंद्रांच्या आसपासच्या शेतकऱ्याला शुद्ध केलेल्या पाण्यातला थोडा वाटा का मिळू नये? कोलकात्याच्या पूर्वेला १२,५०० हेक्टरांची पाणथळ आहे. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळ यांच्या जोरावर निवळतं, त्यात मासळी वाढते, काठावर भाजी आणि धान पिकतं. ध्रुवज्योती घोष नावाच्या सरकारी अभियंत्यानं आयुष्य घालवून हे जगाला दाखवून दिलं, बिल्डरांच्या तोंडातून ती जमीन वाचवली, आणि २००२ साली तिला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली. कोलकात्यातही तुमचे भाऊबंद टपलेले होतेच. तिथे त्यांना अडवणारा माणूस भेटला आणि कोर्टही उभं राहिलं. नीरी ज्या शहरात आहे त्या शहराला हे जमू नये?

आणि कचरा. हजार टनांहून जास्त कचरा रोज निघतो, त्यात ओला कचरा मोठा. तो गोळा करून शहर पार करून भांडेवाडीला नेला जातो, तिथे डोंगर होतो, उन्हाळ्यात पेटतो आणि पूर्व नागपूर धूर गिळतं. एकेका ले-आउटचा ओला कचरा त्याच ले-आउटच्या खुल्या जागेत कुजवला तर तिथल्याच वाफ्यांना खत मिळेल. यात नवीन काहीही नाही. महालातल्या जुन्या वाड्यांमागे उकिरडा, विहीर आणि केळीचं झाड एकाच रेषेत असायचं.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते का? चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी आवळलेली होती, पाणी हजारो घरांत शिरलं, माणसं गेली. ज्या वस्त्यांची नावं त्या दिवशी वाहिन्यांवर फिरत होती ती पाहा: अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कार्पोरेशन कॉलनी, शंकरनगर. पुराला कारणं अनेक होती आणि सगळा दोष मी तुमच्या माथी मारणार नाही. पण काळी माती पाणी पिते, हे शाळेतलं पोरही सांगेल. डांबर, सिमेंट रस्ता आणि अंगणातले गट्टू ते पीत नाहीत. वावराच्या जागी गट्टू बसवले की पावसाचं पाणी थेट नाल्यात धावतं आणि त्याच अंगणातली बोअर एप्रिलमध्ये आटते.

एक गोष्ट मान्य करतो. घर लागतंच. एम्प्रेस मिल बंद पडली तेव्हा हाती आलेल्या पैशात ज्यानं तुमच्याकडून प्लॉट घेतला, त्याला मी दोष देणार नाही. एसटीचा कंडक्टर, शिक्षिका, परिचारिका, यांनी पोटाला चिमटा काढून हप्ते भरले. त्यांना वेगळा पर्याय कोणी दिलाच नाही. वावर विकणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही. कापसाला भाव नसताना प्लॉटच्या भावानं पैसे मिळाले तर तो विकणारच. दोष आहे तो तुमच्या रीतीचा, जिच्यात जमिनीचा एकच उपयोग असतो, तिचे तुकडे करणं. घरं आणि वाफे एका नकाशात बसू शकतात. तुम्ही तो नकाशा काढला नाहीत, कारण वाफ्याला चौरस फुटाचा भाव नसतो.

पण कायद्यानं तुम्हाला एक तुकडा सोडायला लावला होता. चार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा खुली ठेवायची. कागदावर ती आहे. नकाशावर हिरव्या रंगानं भरलेला चौकोन, त्यात लिहिलेलं 'खुली जागा'. आता प्रत्यक्षात दाखवा. एका ले-आउटमध्ये तिचे प्लॉट पाडून पुन्हा विकले. दुसऱ्यात समाजभवन झालं. तिसऱ्यात ट्रान्सफॉर्मर, पाण्याची टाकी आणि उरलेल्यावर बांधकामाचा मलबा. जिथे नशीब थोर तिथे गट्टू बसवून त्यावर व्यायामाची लोखंडी यंत्रं आली, जी मे महिन्यात हाताला चटके देतात. एका ले-आउटमागे हजार चौरस मीटर खुली जागा धरली, तरी १९०० ले-आउटांमागे १९० हेक्टर होतात. जवळपास पावणेपाचशे एकर. शहराच्या मधोमध, लोकांच्या दारात, रस्ता आणि वीज आधीच पोचलेली अशी पावणेपाचशे एकर जमीन कुठल्याही कृषी योजनेला नव्यानं मिळणार नाही. ती तुमच्याकडे आमची ठेव होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात. त्यांच्या आजोबांनी खऱ्या बैलांच्या शिंगांना बेगड लावली होती. आज शहरातल्या पोराला बैल म्हणजे चाकं लावलेलं लाकूड. त्याच दिवशी इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत हे पुतळे मिरवणुकीनं निघतात, एकोणिसाव्या शतकापासून निघत आले आहेत. त्यांच्यामागे बडगे, म्हणजे वाईटाचे पुतळे, असतात. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या त्या वर्षी गाजलेल्या गुन्हेगाराचा. मी लहानपणापासून ती मिरवणूक पाहतो. तुमचा बडगा मला कधी दिसला नाही. वस्तीवस्तीतल्या बडगे बनवणाऱ्या मंडळांना मी या वर्षी भेटणार आहे.

पुढची वावरं तुम्हाला दिसू लागली आहेत, हेही ठाऊक आहे. महापालिकेची हद्द सुमारे २२७ चौरस किलोमीटर. २०१७ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं, त्याचं क्षेत्र ३,५६७ चौरस किलोमीटर, गावं ७१९. सप्टेंबर २०२५ मध्ये हिंगणा तालुक्यातल्या गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) इथली सुमारे ६९२ हेक्टर जमीन 'नवीन नागपूर'साठी घ्यायला मंत्रिमंडळानं मान्यता दिली. शहराच्या पोटात कृषी विद्यापीठाची जमीन उरली आहे, महाराजबाग, फुटाळा, दाभ्याच्या बाजूला. तिथे कोणाला सभागृह हवं असतं, कोणाला रस्ता. भर शहरात उभं पीक दिसतं, ही ज्या शहराची श्रीमंती, तिथे त्या पिकाकडे रिकामी जागा म्हणून पाहिलं जातं. ही नजर तुम्ही आम्हाला लावलीत.

नव्या नागपूरचा नकाशा अजून कागदावर आहे, म्हणून बोलायची वेळ आत्ताच आहे. त्या नकाशात नाल्यांच्या दोन्ही काठांना शेतीचा पट्टा आखा, विहिरी बुजवू नका, धुऱ्यावरची झाडं रस्त्याच्या कडेची झाडं म्हणून ठेवा. पायाखोदाईची काळी माती ट्रक भरून विकली जाते, ती त्याच वस्तीच्या वाफ्यांसाठी रचून ठेवायला लावा. ज्यांची जमीन जाईल त्यांना पैशाबरोबर भाजीच्या पट्ट्यात कसण्याचा हक्क द्या. यातल्या एकाही गोष्टीला परदेशी सल्लागार लागत नाही. अमरावती रोडवर माणसं बसलेली आहेत.

जुन्या ले-आउटांचं म्हणाल, तर तुमच्यावर विसंबून राहायची इच्छा नाही. आमच्या वस्तीतल्या काही जणांनी मंजूर नकाशाची प्रत काढली आहे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकतो आहोत. 'खुली जागा' असं जिथे लिहिलं आहे तिथे खुंट गाडून हद्द कायम करून घेऊ. तिथला मलबा उचलण्यासाठी झोन कार्यालयात अर्ज जाईल आणि उचलला नाही तर पुन्हा जाईल. गट्टू बसवायचा प्रस्ताव आला तर लेखी हरकत घेऊ. महापालिकेकडे आमची मागणी आहे की ही जागा वर्षावर्षाच्या करारानं नको, निदान दहा वर्षांसाठी भाजी पिकवायला द्यावी, आणि पहिला हक्क ज्यांचं तिथे वावर होतं त्यांच्या बायकांच्या बचत गटाला असावा. वस्तीनं ओला कचरा आणून द्यायचा, त्यांनी भाजी पिकवायची, आम्ही ठरलेल्या भावानं विकत घ्यायची. एक कोपरा अंगणवाडीच्या खिचडीत घालायच्या भाजीसाठी राखून ठेवायचा.

मृगाच्या आत मलबा निघाला तर पहिल्या पावसावर बरबटी, कोहळं आणि आंबाडी टोचून होईल. शेवगा कुंपणाला. सांबार मात्र पाऊस ओसरल्यावर. हे मला त्या उमरेड रोडच्या बाईनं सांगितलं आहे आणि यायचंही तिनं कबूल केलं आहे.

तेव्हा ले-आउटभाऊ, त्या खुल्या जागेत उभा केलेला 'प्लॉट विकणे आहे' हा फलक तेवढा काढून न्या. मे अखेरपर्यंत वाट पाहू. नंतर आम्ही काढू.

आपला,
एक नागपूरकर